इलेक्ट्रिक ब्लँकेट: कोणतं घ्यावं, कसं वापरावं, कसं धुवावं

गारवा
आई-बाबांसाठी इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्यायचं आहे. घर नाशिकला, तळमजल्यावर. कापसाची गादी, वर सुती चादर आणि पांघरायला गोधडी. वय ७४ आणि ७०. बाबांना मधुमेह आहे. बाजारात इतके प्रकार दिसतात की नक्की काय बघून घ्यायचं ते कळत नाही. अंगाखाली घालायचं की अंगावर घ्यायचं? डबल बेडला एक मोठं की दोन लहान? रात्रभर चालू ठेवलेलं चालतं का? आणि हे धुवायचं कसं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

मीटरवाला
गारवा, आधी एक गोष्ट पक्की करू, कारण बाकीचे निर्णय तिच्यावरच अवलंबून आहेत. आपल्याकडे मिळतं त्यातलं बहुतेक सगळं अंगाखाली अंथरायचं असतं. दुकानदार त्याला ‘बेड वॉर्मर’ही म्हणतात. शिमला-मनालीच्या हॉटेलांत गादीवर घातलेलं असतं तेच हे. अंथरूण तापवणं एवढंच त्याचं काम. माणसाला रात्रभर शेकत ठेवायला ते केलेलं नाही. गादी आणि गोधडी यांच्यामधली हवा आणि कापूस एकदा तापला की पुढची ऊब शरीर स्वतःच टिकवतं. गोधडीसारखं जाड पांघरूण असेल तर अगदी सहज.

अंगावर घ्यायचा प्रकार अमेरिकेत जास्त चालतो. दोन्हींची अदलाबदल करू नका. अंगाखालचं अंगावर घेतलं तर ते चुरगळतं आणि तारांवर तारा येतात. अंगावरचं खाली अंथरलं तर माणसाच्या वजनाखाली उष्णता कोंडते, कारण ते मोकळ्या हवेत उष्णता सोडण्याच्या हिशेबानं बनवलेलं असतं. नाशिकच्या थंडीला अंगाखालचंच घ्या.

आता आत काय असतं ते सांगतो. कापडाच्या दोन थरांमध्ये नागमोडी शिवलेली एक लांब तार असते. मध्ये काचतंतूचा गाभा, त्याभोवती गुंडाळलेली बारीक तापणारी तार आणि वरून प्लास्टिकचं आवरण. स्वस्त मालात इतकंच असतं. चांगल्या मालात तापणाऱ्या तारेच्या बाहेर एक विशिष्ट प्लास्टिकचा थर आणि त्यावर दुसरी, संवेदक तार असते. कुठेही एका जागी तार जास्त तापली तर हा मधला थर वितळतो, दोन्ही तारा एकमेकींना चिकटतात, कंट्रोलरमधला फ्यूज उडतो आणि ब्लँकेट कायमचं बंद पडतं. ते पुन्हा चालू होत नाही, आणि होऊही नये. जास्तीच्या पैशांत जे मिळतं ते मुख्यतः हे. कापडाचा मऊपणा आणि रंग नंतर बघा.

खोक्यावर ‘ओव्हरहीट प्रोटेक्शन’ असं सगळेच छापतात. दुकानदाराला स्पष्ट विचारा: संरक्षण पूर्ण तारेच्या लांबीला आहे की एखाद-दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅट (ठरावीक तापाला वीज तोडणारा भाग) बसवलाय? जुन्या पद्धतीच्या ब्लँकेटात हाताला सुपारीएवढ्या गाठी लागतात, ते थर्मोस्टॅट. गाठीपासून फूटभर लांब ब्लँकेट दुमडलं गेलं तर त्या गाठीला पत्ताही लागत नाही.

सुतगुंडी
कापडाकडून बघायच्या गोष्टी मी सांगते.

खोकं उघडून ब्लँकेट टेबलावर पूर्ण पसरा आणि तळहातानं चाचपा. तारांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं. वळणं गोल हवीत, टोकदार नकोत. तार कुठेही दुसऱ्या तारेवरून गेलेली नको आणि कडेपर्यंत आलेली नको. कडेला काही इंच रिकामी पट्टी असली पाहिजे, कारण चादरीबरोबर दुमडली जाते ती कडच.

तार कापडाला कशी धरलेली आहे ते सगळ्यात महत्त्वाचं. चांगल्या मालात प्रत्येक तारेसाठी शिवलेली नळी असते. हलक्या मालात न विणलेल्या, कागदासारख्या वाटणाऱ्या कापडाच्या दोन थरांत तार नुसती चिकटवलेली असते. ते कापड एका हंगामात गोळा होतं, चिकटवण सुटतं आणि तार एका बाजूला सरकून गुंता होतो. गुंता झाला की तेवढीच जागा जास्त तापते. म्हणून फ्लीस किंवा लोकरमिश्रित कापड आणि शिवलेल्या नळ्या बघून घ्या.

चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक किंवा बंद हवेत. आपल्या कापसाच्या गाद्या जाड आणि मधोमध दबलेल्या असतात. बंद नसतील तर रात्रीत ब्लँकेट त्या खळग्यात घसरतं आणि चुण्या पडतात. बंद नसलेलं आधीच घरात असेल तर कडेच्या रिकाम्या पट्टीवर नाड्या शिवा. शिवताना सुई तारेच्या जवळ नेऊ नका, आणि टाचण्या किंवा सेफ्टी पिना तर कुठेच नकोत. लेबलवर काट मारलेल्या टाचणीचं चिन्ह असतं ते याचसाठी.

निफाडकर
डबल की दोन सिंगल, यावर माझं मत स्पष्ट आहे: दोन सिंगल. एकाला गरम लागतं, दुसऱ्याला नाही, हे प्रत्येक घरात असतं. बाबांना मधुमेह आहे म्हणजे त्यांचं वेगळं बंद करता आलंच पाहिजे. एक बिघडलं तरी दुसरं चालतं, धुवायला आणि वाळवायलाही सोपं. दोन कंट्रोलरवालं डबलही मिळतं, पण त्यात एक बाजू गेली की सगळंच टाकावं लागतं.

मात्र दोन सिंगल शेजारी घालताना कडा एकमेकींवर चढवू नका. मध्ये दोन बोटं जागा सोडा.

निफाड, नाशिक, धुळे या पट्ट्यात थंडीच्या लाटेत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, पण ती लाट चार-आठ दिवसांची. बाकी हिवाळा १० ते १२ अंशांचा. एवढ्यासाठी फार वॅटचं ब्लँकेट लागत नाही. सिंगलला ६० वॅट पुरतात.

मीटरवाला
निफाडकरांशी सहमत. विजेचा हिशेब मांडतो. ६० वॅटचं ब्लँकेट अर्धा तास पूर्ण तापावर म्हणजे ०.०३ युनिट. पुढे एक तास मंद, म्हणजे ३० वॅटवर, आणखी ०.०३. दोघांचं मिळून रात्रीला ०.१२ युनिट, महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. उलट २००० वॅटचा रूम हीटर अर्ध्या तासात एक युनिट खातो आणि खोलीची हवा कोरडी करतो ते वेगळंच. खोली गरम करण्यापेक्षा अंथरूण गरम करणं कितीतरी स्वस्त पडतं.

कंट्रोलरबद्दल. दोन तापांचं साधं सरकतं बटण असतं त्यात बहुधा एक डायोड असतो. मंद तापावर तो विजेची अर्धी लहर अडवतो, म्हणून शक्ती बरोबर निम्मी होते. साधी, टिकाऊ पद्धत. पण त्यात टायमर नसतो. डिजिटल कंट्रोलरमध्ये टायमर असतो. वयस्कर माणसांसाठी मी टायमरवालंच घ्यायला सांगेन, कारण झोप लागल्यावर उठून बंद करणं होत नाही. टायमर एक-दोन तासांचा लावता येतो का ते बघा. काहींत किमान टप्पाच मोठा असतो, त्याचा उपयोग नाही.

वीज जाण्या-येण्याचाही विचार करा. साधं बटण असेल तर वीज परत आल्यावर ब्लँकेट आपोआप पुन्हा तापायला लागतं. संध्याकाळी बटण चालू राहिलं, वीज गेली, माणसं लग्नाला गेली, मग वीज आली: घरात कुणी नसताना ते तापत राहणार. डिजिटल बहुतेक बंदच राहतं. घरी आणल्यावर हे एकदा करून बघा: चालू करा, भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा लावा, काय होतं ते पाहा.

गारवा
मनःपूर्वक आभार. म्हणजे: अंगाखालचं, दोन सिंगल, ६० वॅटच्या आसपास, शिवलेल्या नळ्या, पूर्ण लांबीचं संरक्षण, टायमर. आयएसआय खूण बघावी का? आणि बाबांच्या मधुमेहाचं कुणी सांगेल का?

शुश्रूषा
मधुमेहाचं मी सांगते, आणि हा भाग घाईत वाचू नका.

प्रश्न साखरेच्या आकड्याचा नाही, पायाच्या संवेदनेचा आहे. बरीच वर्षं मधुमेह असेल तर तळपायांना उष्णता कळेनाशी होऊ शकते. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी केलेल्या प्रयोगांतून दिसलं की त्वचेचं तापमान ४४ अंश सेल्सिअसवर राहिलं तर साधारण सहा तासांत भाजतं. ४४ अंश हाताला चटका देत नाहीत, नुसते छान गरम लागतात. ज्याला कळतं तो झोपेत पाय बाजूला घेतो. ज्याला कळत नाही त्याचा पाय तिथेच राहतो, सकाळी फोड दिसतो, आणि मधुमेहात पायाचा फोड ही साधी गोष्ट नाही.

म्हणून बाबांची डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्या. १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटनं (बारीक नायलॉनचा तंतू) आणि ट्यूनिंग फोर्कनं (कंप देणारा धातूचा काटा) होते, पाच मिनिटांचं काम आहे. संवेदना कमी निघाली तर नियम असा: झोपायच्या आधी अर्धा तास अंथरूण तापवायचं, बाबा अंथरुणात शिरण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि प्लगही काढायचा. पायांत सैल सुती किंवा लोकरी मोजे. एवढ्यानं त्यांना ऊब मिळते आणि धोका राहत नाही. संवेदना चांगली निघाली तरी मी रात्रभर चालू ठेवायला सांगणार नाही.

हाच नियम पक्षाघातानं एक बाजू बधिर असलेल्यांना, स्मृतिभ्रंश असलेल्यांना, झोपेची गोळी घेणाऱ्यांना आणि मद्य घेतलेल्यांना. तीन वर्षांखालच्या मुलांना हे ब्लँकेट अजिबात नाही. त्यामागचं कारण, त्यांना जास्त तापल्याचं कळतही नाही आणि सांगताही येत नाही. लेबलवर ० ते ३ असं लिहून काट मारलेलं चिन्ह असतं ते हेच. दुखण्यासाठी फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची पट्टी लावलेली असेल तर त्या अंगाला कुठलीही बाहेरची उष्णता नको. उष्णतेनं औषध शरीरात एकदम जास्त शिरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. पेसमेकर असेल तर बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात नुसतं अंथरूण तापवून बंद करणं उत्तम.

अंथरुणात लघवी होण्याची शक्यता असेल तर ब्लँकेटवर रबरी शीट घालून वेळ मारून नेऊ नका. तापवून झालं की ब्लँकेटच काढून घ्या.

आणि कंबर दुखते म्हणून रोज तासन् तास त्याच जागी शेकत बसणाऱ्यांसाठी: त्वचेवर जाळीसारखे तपकिरी-लालसर डाग दिसायला लागले की थांबायचं. सुरुवातीला ते फिके पडतात, पुढे कायमचे राहतात.

मीटरवाला
शुश्रूषाताईंचं प्रत्येक वाक्य आईबाबांना वाचून दाखवा.

खुणेबद्दल: घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक आयएस ३०२ या मालिकेत येतं. आयएसआय खूण असेल तर तिच्याबरोबर सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर घालून बघा. उत्पादकाचं नाव आणि वस्तू जुळली पाहिजे. नुसती खूण छापणं सोपं असतं. परदेशी मालावर आयईसी ६०३३५-२-१७ हे आंतरराष्ट्रीय मानक किंवा त्याचं ब्रिटिश-युरोपीय रूप दिसेल. ब्लँकेट आणि तत्सम लवचीक तापकांसाठीचा भाग तो हाच. अमेरिकेतलं मानक यूएल ९६४.

हडसनकाठ
अमेरिकेतून कुणी पाठवायच्या विचारात असेल तर थांबा. इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, ब्लँकेट १२० व्होल्टचं असतं. १०० वॅटचं अमेरिकी ब्लँकेट नुसता पिन बदलणारा अडॅप्टर लावून २३० व्होल्टवर जोडलं तर त्यात ३६७ वॅट जातात, जवळजवळ पावणेचारपट. कंट्रोलर पहिल्या मिनिटात गेला तर नशीब समजायचं. भारतातलं इकडे आणलं तर उलट: १०० वॅटच्या जागी जेमतेम २७ वॅट, म्हणजे कोमट.

अपवाद एकच. काही ब्लँकेटं २४ व्होल्टच्या एकदिश (डीसी) प्रवाहावर चालतात आणि त्यांचा पुरवठा लॅपटॉपच्या चार्जरसारख्या वेगळ्या ठोकळ्यातून होतो. त्या ठोकळ्यावर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर ते दोन्ही देशांत चालतं. अंगाजवळ २३० व्होल्ट नसणं हा त्याचा मोठा गुण. किंमत जास्त असते, पण म्हाताऱ्या माणसांसाठी मी याच बाजूनं बोलेन.

यूएसबीवर चालणारी लहान शाल वेगळी. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॅट. मांडीवर घ्यायला ठीक, अंथरूण तापवायला नाही.

निफाडकर
आमच्याकडे वाड्या-वस्त्यांवर रात्री मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज २६० च्या वर चढतं. त्याचा काय परिणाम?

मीटरवाला
तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २३० चे २६० झाले तर ताप २८ टक्क्यांनी वाढतो. ६० वॅटचं ब्लँकेट ७७ वॅटचं होतं. साध्या दोन-तापी ब्लँकेटला हे अडवायची सोय नसते. अशा ठिकाणी कमी वॅटचं घ्या, मंद तापावरच वापरा, आणि तापमान मोजून शक्ती कमी करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असलेलं बघा. घराला स्टॅबिलायझर असेल तर त्यावर घालायला हरकत नाही, भार नगण्य आहे.

इन्व्हर्टरबद्दलही इथेच सांगतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर काहीही चालेल. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधं बटणवालं चालतं, पण डिजिटल कंट्रोलर गुणगुणतो किंवा ताप नीट सांभाळत नाही. तिथे लावू नका.

आता प्लग. आपल्याकडची बहुतेक ब्लँकेटं दोन पिनांची असतात, दुहेरी आवरणाची, त्यामुळे अर्थिंग नसतं. दोन पिनांचा प्लग सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो. एका बाजूनं बसला की ब्लँकेटच्या कंट्रोलरचं बटण फेज (वीज आणणारी तार) तोडतं. दुसऱ्या बाजूनं बसला की न्यूट्रल (परतीची तार) तोडतं: तार तापत नाही, पण पूर्ण ब्लँकेटमध्ये २३० व्होल्ट उभे असतात. म्हणून कंट्रोलर बंद केला म्हणजे ब्लँकेट बंद झालं असं समजू नका. भिंतीवरचं बटण बंद करा. आणि ते बटण तरी फेजवर आहे का, हे टेस्टरनं एकदा बघा: बटण बंद असताना सॉकेटच्या एकाही छिद्रात टेस्टरचा दिवा लागता कामा नये. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या घरांत हे उलटं निघतं. वायरमनकडून दोन तारा बदलून घ्या.

वायरमन आलाच आहे तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का तेही विचारा. ओल्या ब्लँकेटपासून वाचवणारी वस्तू ती आहे, एमसीबी (जास्त भाराला किंवा शॉर्टसर्किटला पडणारा स्विच) नव्हे.

सुतगुंडी
ब्लँकेटवर झोपलेल्या माणसाच्या हाताला दुसऱ्यानं हात लावला तर झिणझिणल्यासारखं होतं, अशी तक्रार फार येते. ती कशामुळे, तेही लिहा ना.

मीटरवाला
आतल्या तारेचा आणि अंगाचा मिळून एक छोटा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारी जोडी) तयार होतो, मधलं कापड आणि आवरण हा त्याचा अडसर. त्यातून अतिशय अल्प प्रवाह वाहतो. बोट हलकेच फिरवलं की कंप जाणवतो, घट्ट धरलं की जाणवत नाही. नव्या, कोरड्या ब्लँकेटला हे होणं म्हणजे बिघाड नव्हे. मात्र दोन गोष्टी ताडून बघा. कंट्रोलर बंद असताना कंप जास्त लागत असेल तर वर सांगितलं तसा प्लग उलटा आहे, फिरवून घाला. आणि पूर्वी होत नसताना अचानक सुरू झालं, किंवा कंपाऐवजी टोचल्यासारखा झटका लागला, तर ओल शिरली आहे किंवा आवरण फाटलं आहे. वापर तिथेच थांबवा.

गारवा
अंथरायची नेमकी पद्धत कुणी सांगेल का? चादरीच्या वर की खाली?

निफाडकर
खालून वर क्रम असा: गादी, ब्लँकेट, सुती चादर, माणूस, गोधडी. ब्लँकेट गादीखाली घालू नका, ऊब वर येतच नाही आणि उष्णता पलंगाच्या फळीत आणि गादीत कोंडते. वरचं टोक खांद्याच्या रेषेला आणा, उशीखाली नको. तापणाऱ्या भागावर उशी किंवा जाड लोड ठेवला तर त्याखालची तार इतर भागापेक्षा तापत जाते. दिवसा पलंगावर घड्या घातलेली पांघरुणं, शाळेचं दप्तर, सूटकेस ठेवायची सवय असेल तर ब्लँकेट चालू असताना ती मोडावी लागेल. मांजरालाही तिथे जागा नको, नख्या आवरणातून आत जातात.

तापवताना गोधडी पूर्ण पसरून झाका, कडेनं खोचा. उघडं ठेवून तापवलं तर अर्धी ऊब खोलीत जाते. ६० वॅटला २० ते ३० मिनिटं पुरतात. कंट्रोलर पांघरुणाखाली किंवा उशीखाली सारू नका, तोही तापतो. खाटेच्या कडेला लोंबकळतही ठेवू नका, वजनानं जोडणीची वायर मुळाशी तुटते.

कापसाची, काथ्याची गादी चालते. मेमरी फोमवर मात्र नको, फोम उष्णता धरून ठेवतो आणि मऊ पडतो. बरेच उत्पादक स्पष्ट नाही म्हणतात. वर-खाली होणाऱ्या रुग्णशय्येवर आणि घडीच्या सोफा-कम-बेडवर तर मुळीच नको, बिजागरीत तार चिमटते. आणि गरम पाण्याची रबरी पिशवी त्याच अंथरुणात घेऊ नका, ती कधी गळेल सांगता येत नाही.

सुतगुंडी
धुण्याचं आता. आधी लेबल. पाण्याच्या टबाच्या चिन्हावर काट असेल तर धुवायचंच नाही, डाग तेवढा ओल्या फडक्यानं पुसायचा. आपल्याकडची बरीच स्वस्त ब्लँकेटं या वर्गातली आहेत, कारण त्यांची वायर कायमची जोडलेली असते. वायर खटक्यानं सुटत असेल तरच धुण्याचा विचार.

हातानं धुणं सगळ्यात सुरक्षित. वायर आणि कंट्रोलर काढून बाजूला ठेवा. मोठ्या टबात १२-१५ लिटर कोमट पाणी, ३० अंशांच्या वर नाही, त्यात लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड दोन चमचे. ब्लँकेट मोठ्या घड्यांनी बुडवा, १५ मिनिटं ठेवा. मग तळहातानं दाबत राहा. चोळणं, आपटणं, ब्रश मारणं नको. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढा. पिळू तर मुळीच नका. पिळलं की आतली बारीक तार ताणली जाते, लगेच तुटत नाही, हंगामाच्या मध्यात तुटते. टबातच दाबून पाणी काढा, नंतर मोठ्या टॉवेलांत घालून दाबा.

मशीन लेबलवर मान्य असेल तर फ्रंट लोडमध्ये, जाळीच्या पिशवीत, सर्वांत हळू चक्रावर. सेमी ऑटोमॅटिकच्या सुकवणीच्या भांड्यात कधीही नको. त्यात ब्लँकेट एका बाजूला गोळा होऊन पिळलं जातं.

वाळवताना दोन दोऱ्या फूट-दीड फूट अंतरानं बांधा आणि ब्लँकेट दोन्हींवर पसरा, म्हणजे एकाच घडीवर सगळं वजन येत नाही. तारेवर चिमटे लावू नका, कडेच्या रिकाम्या पट्टीवर लावा. जोडणीचं तोंड खाली येईल असं टांगा, नाही तर पाणी त्यात साठतं. सावलीत, वाऱ्यावर दोन पूर्ण दिवस. वरून कोरडं वाटलं तरी नळ्यांच्या आत ओल असते. लवकर वाळावं म्हणून चालू करून ठेवणं सर्वांत घातक.

ड्रायक्लीनिंगला देऊ नका, त्यातले द्रावक तारेचं आवरण खराब करतात. ब्लीच नको, इस्त्री नको. खरं तर वर सुती चादर नीट खोचलेली असेल तर हंगामाच्या शेवटी एकदा धुणं पुष्कळ झालं.

हडसनकाठ
ठेवताना डांबरगोळ्या घालू नका हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे लोकरी कपड्यांत त्या हमखास जातात. नॅप्थलिनची वाफ तारेच्या प्लास्टिकवर परिणाम करते. आवरण आधी मऊ-चिकट, नंतर ठिसूळ होतं. कडुनिंबाची वाळलेली पानं किंवा लवंगांची पुरचुंडी ठेवा.

सुतगुंडी
बरोबर. आणि घडी घालू नका. एका जुन्या चादरीची लांब गुंडाळी करा आणि तिच्याभोवती ब्लँकेट सैल गुंडाळा. घडी घालावीच लागली तर मोठ्या, सैल घड्या, आणि दर वर्षी वेगळ्या जागी. पलंगाच्या पेटीत सगळ्यात वर ठेवा, गाद्या-उशांच्या ढिगाखाली नको. सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल आत राहते. कोकणात आणि गोव्यात तर जोडणीच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. तो दिसला तर वापरू नका, तिथे संपर्क सैल होऊन तापतो. उंदीर असतील तर पत्र्याची पेटी बरी. वायर कुरतडलेली असेल तर चिकटपट्टीनं भागवायचं नाही.

हिवाळ्यात काढलं की उजेडासमोर धरून बघा. तारा जागेवर आहेत का, कुठे तपकिरी डाग आहे का, कापड झिरझिरीत झालंय का. मग गादीवर सपाट पसरून, वर काही न घालता अर्धा तास चालू ठेवा, तिथेच बसा आणि तळहात फिरवा. एखादी जागा इतरांपेक्षा स्पष्ट गरम किंवा पूर्ण थंड लागली तर ते निकामी समजा.

निफाडकर
थंड लागलं तर दुरुस्त होत नाही का? आमच्याकडे मिस्त्री तार डाग देऊन (सोल्डर करून) देतात.

मीटरवाला
ब्लँकेटच्या आतली तार दुरुस्त करू नये, हे अगदी ठामपणे सांगतो. डाग दिलेला सांधा कडक होतो, शेजारी तार वाकत राहते आणि तिथेच पुन्हा तुटते. तुटताना बारीक ठिणग्या पडतात, कापडाच्या आत, झोपलेल्या माणसाखाली. शिवाय संवेदक तार असेल तर ती पूर्वीसारखी जोडली जात नाही, म्हणजे संरक्षणच जातं.

दोष कुठे आहे ते मात्र मल्टिमीटरनं बघता येतं. प्लग काढा, वायर सोडवा, जोडणीच्या पिनांमधला रोध (रेझिस्टन्स) मोजा. साध्या ब्लँकेटचा रोध २३० चा वर्ग भागिले वॅट: ६० वॅटला सुमारे ८८० ओहम, १०० वॅटला ५३० च्या आसपास. थंड असताना थोडा फरक पडेल. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली, ब्लँकेट टाकून द्या. आकडा बरोबर असेल तर ब्लँकेट ठीक, दोष वायरीत किंवा कंट्रोलरमध्ये आहे. तो पूर्ण जोड त्याच उत्पादकाचा, त्याच मॉडेलचा मिळाला तर बदला. दुसऱ्या ब्लँकेटचा कंट्रोलर पिना जुळल्या तरी लावू नका, आतली मापं वेगळी असतात. तीन-चार पिना असतील तर त्यांत संवेदक तारेच्याही पिना येतात, म्हणून एका जोडीवरून निष्कर्ष काढू नका. डायोड कंट्रोलरच्या आत असतो, त्यामुळे प्लगच्या पिनांवरून मोजलं तर मीटरची टोकं उलटसुलट लावल्यावर वेगळे आकडे येऊ शकतात. मोजायचं ते ब्लँकेटच्या तोंडावरच.

टाकताना वायर कापून टाका, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही. चालू असलं तरी दहा वर्षांनी बदला. ब्रिटनमधले अग्निसुरक्षावाले हीच मर्यादा सांगतात.

गारवा
शेवटचा प्रश्न. नवं ब्लँकेट पहिल्यांदा लावल्यावर वास येतो म्हणतात. कुठला चालतो, कुठला नाही?

मीटरवाला
पहिल्या दोन-तीन वेळा नव्या प्लास्टिकचा, रेक्झिनसारखा वास येतो. खिडकी उघडून, माणूस न झोपता अर्धा-अर्धा तास चालवा, जातो. आठवड्यानंतरही राहिला तर परत करा. करपलेल्या कापडाचा किंवा कुजक्या माशासारखा वास हा पहिल्या मिनिटालाही चालणार नाही. माशासारखा वास बहुतेक वेळा ब्लँकेटचा नसतोच, तापलेल्या प्लगचा किंवा सॉकेटचा असतो. मेन स्विच बंद करा आणि मग प्लग काढून पिना बघा: काळ्या पडल्या असतील तर सॉकेटच्या पट्ट्या सैल झाल्या आहेत, सॉकेट बदलून घ्या. ज्या एक्सटेन्शन बोर्डवर मोबाइल, टीव्ही आणि गीझर एकत्र चालतात त्यावर ब्लँकेट लावू नका. भार कमी आहे, पण पिन ढिली असेल तर ६० वॅटलाही ती तापते. ब्लँकेटची वायर भिंतीवरच्या सॉकेटपर्यंत पोचते का ते विकत घेण्याआधीच मोजून घ्या. आपल्याकडे सॉकेट बहुधा पलंगाच्या डोक्यामागे असतो आणि वायर पायाच्या बाजूनं निघणारी ब्लँकेटंही मिळतात.